डावं सिलिंडर धरत नाही, इहीनबाई

इवाई, त्या दोन जुन्या कॉईली अजून तुमच्या दुकानातल्या फळीवरच आहेत. काल मी त्या फडक्यानं पुसल्या आणि परत तिथंच ठेवल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पुसून काय होते जी? मेल्या त्या. फेका." आणि मी म्हणाले असते, "तुमच्या बापाचं काय जाते? माझ्या मालकाच्या गाडीच्या हायेत." हे भांडण आपलं कॉईली काढल्या तेव्हापासून चालू होतं. ते अर्धं टाकून तुम्ही उठून गेलात, आणि आता दोन्हीकडचं मला एकटीलाच बोलावं लागतं. तुमचं बोलणं मला पाठ झालंय, त्यामुळं अडत काही नाही. पण जिंकण्यात मजा नाही राहिली.

तुम्ही माझे इवाई, म्हणजे माझ्या रूपाचे सासरे. हे तुम्हाला कशाला सांगू, पण हे चार जण वाचतील, त्यांना कळलं पाहिजे. दारव्ह्याला तुमचं मोटर वायंडिंगचं दुकान. शेतातल्या जळलेल्या मोटरी लोक बैलबंडीत नाहीतर ॲटोत टाकून आणायचे, तुम्ही जुनी तार ओढून काढायचे आणि नवी भरून द्यायचे. दुकान पुढं, घर मागं, मधात एक परदा. आणि इवाई-इहीणीनं एकमेकांची उडवायची ही तर आपल्याकडची रीतच. लग्नात तुमच्या ताटात मी मीठ जास्त टाकलं होतं, तिथून आपलं सुरू झालं.

तुम्ही कधी जन्मले, किती शिकले, ते दुसरं कोणी लिहील. मला दुसरंच सांगायचं आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी रूपाचं दुसरं बाळ सातव्या महिन्यात गेलं. पहिलं तर चौथ्यातच गेलं होतं. दवाखान्यातून घरी आली ती बोलेनाशीच झाली. हो, नाही, जेवून घ्या, एवढंच. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. जावई राजूरच्या खाणीवर, सुट्टी लागली की घरी. तुमची मंडळी आधीच गेलेली. म्हणजे त्या घरात माणसं दोन, सासरा आणि सून. ती डोक्यावरचा पदर सावरून ताट वाढणार, तुम्ही खाली मान घालून जेवणार, झालं. सासऱ्यानं सुनेशी बोलावं तरी काय, आणि तेही असल्या दुखण्याबद्दल?

माहेरी ये म्हटलं तर येईना. आली की गल्लीतल्या बाया येतील, "कसं झालं व माय" म्हणून खोदून विचारतील, ते तिला नको होतं. आणि मी तिच्याकडे कशी राहणार? लेकीच्या सासरी आईनं मुक्काम करायचा नाही, नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्या घरची चाल. माझ्या आईनं पाळली, मीही पाळत होते. दिवसातून दोनदा फोन करायचे. पलीकडून पंख्याचा आवाज यायचा, तिचा नाही.

अशात एक दिवस तुम्ही आमच्या दारात. न सांगता. म्हटलं, काय ऐकावं लागते आता. तर तुम्ही वट्ट्यावर चपला काढल्या, घरातून सरळ मागच्या अंगणात गेलात आणि शेडमधल्या गाडीवरचं पोतं उचलून पाहू लागलात.

"ही चालू हाय का जी?"

"तुम्ही माझ्या लेकीचं सांगाले आले का गाडी पाहाले?"

"गाडी पाहाले."

खरं सांगते, इवाई, त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात. माझी पोर तिथं सुकून राह्यली आणि या माणसाला जुनी फटफटी दिसते! रागारागात चहात साखर टाकायची राहिली. तुम्ही तो तसाच प्यालात आणि वर म्हणालात, चांगला झाला.

गाडी आमच्या ह्यांची. दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरची, तरण्या वयात घेतलेली. मी ती कधी चालवली नाही, पण मागं बसून बसून मला ती पुरती कळायची. घरून निघाली की झकास चालायची. नाल्याच्या पुलापाशी आली की डावं सिलिंडर गप्प. मग हे उतरून झाडाखाली उभे राहणार, विडी ओढणार, गाडी थंड झाली की परत दोन्ही चालू. कितीक लग्नांना आम्ही हळद लागून गेल्यावर पोचलो ते त्या पुलामुळं. हे गेले आणि गाडी पोत्याखाली गेली.

तुम्ही सगळं ऐकून घेतलं. "कॉईल," म्हणालात. "गरम झाली का आतली तार सुटते. मले द्या, नव्या जमान्याच्या कॉईली बसवून देतो. पण एक अट हाय. दर बाजाराच्या दिवशी तुम्ही दुकानात याचं. गाडीची खोड तुमाले ठाऊक. मी एकटा कुठी हुडकत बसू?"

"मी काय मिस्त्री हाय का?"

"बोलता तर मिस्त्रीपेक्षा जास्त."

टेम्पोत गाडी गेली. पुढच्या बाजाराला मी भरल्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दारव्ह्याला उतरले.

पहिल्याच दिवशी रूपा परद्याआडून पाण्याचा तांब्या घेऊन आली. सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, "नको माय, पेऊन आली." तिची नजर खाली गेली ती मी पाहिली. मी पाणी नको म्हटलं, तिनं मात्र दुसरंच ऐकलं. नातवंड नाही म्हणून आई पाणी पीत नाही, हे दर खेपेला तिच्यासमोर मांडल्यासारखंच झालं. आणि माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

तुमच्या आलं. तुम्ही तार सोडून उठलात, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"प्या, इहीनबाई."

"आमच्यात चालत नाही जी, तुमाले ठाऊक हाय."

"मी तुमच्या घरी बिनसाखरेचा चहा पेलो, तो चालला. या घरी नातू येईन तेव्हा येईन, नाही आला तर नाही. घरात तुमची लेक हाय, ते पुरेसं नाही का? आन् एवढ्या उन्हात तुम्ही इथी पडल्या त मले उचलता येणार नाही, सांगून ठेवतो. वजन पाहा आपलं."

मी प्याले. गटागटा प्याले. रूपानं तांब्या परत नेला तेव्हा परद्याआड बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. मग नाक ओढल्याचा आला. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. तुम्ही मान वर न करता पाना घेऊन खटखट करत राहिलात, मुद्दाम मोठ्यानं.

मग कॉईली काढल्या. तुमची तपासायची तऱ्हा मला फार आवडली. एक कॉईल दुकानाच्या सावलीत आणि एक बाहेर पत्र्यावर उन्हात तापत ठेवली. ते ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावा. मग मीटर काढलं आणि मला म्हणालात, "तुमच्या लेकीले म्हणा, या दोन पिना धर. मले दोनच हात हायेत."

"मीच धरते ना."

"तुमचे हात हालतात. बोलता बोलता हालवता तुम्ही."

रूपा आली. पदर ओढून, अंग चोरून उभी राहिली. दुकानात ती कधी आलीच नव्हती. तुम्ही तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून विचारणार, मी तिला विचारणार, ती मला सांगणार, मी तुम्हाला. तिघं हातभर अंतरावर, आणि निरोप असे चालले होते जसे तीन गावांत!

"काटा कुठी हाय म्हणा."

"रूपा, काटा कुठी हाय?"

"चारापाशी."

"आता उन्हातली आणतो. आता इचारा."

"आता काय म्हणते काटा?"

ती वाकून पाहत राहिली. "हालतच नाही," म्हणाली. मग आपणहून म्हणाली, "थंड झाल्यावर परत मोजू का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे. बाई, एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून दोन महिन्यांत ऐकलं नव्हतं!

आपलं भांडणही त्याच दिवशी लागलं. मी म्हणत होते, याच कॉईलीत नवी तार भरा, तुमचा धंदाच तो. तुमचं म्हणणं, मोटरीची तार वेगळी, हिची केसासारखी बारीक, वर डांबर ओतून बंद केलेली. "नवीन बसवल्या का ठिणगी दुप्पट." मी म्हटलं, ह्यांची गाडी आहे, आहे तशी राहू द्या. तर म्हणालात, "तुमच्या मालकानं जीव लावला तो गाडीले. पुलावर बंद पडाच्या दुखण्याले नाही लावला." याचं उत्तर मला आता सुचलंय. ते पुलावरच्या झाडाखाली जे बोलायचे ते घरी कधी बोलायचे नाहीत. ते दुखणं नसतं तर मला तेवढाही नवरा मिळाला नसता. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही त्यावरही काही तरी वाकडं बोलला असता.

पण तुम्ही काही फार मोठे शहाणे नव्हते हं. गेलेल्या माणसाला लोक एकदम देव करतात, ते मी करणार नाही. पहिल्या नव्या कॉईली तुम्ही कुठल्याशा आत्ताच्या गाडीच्या आणल्या. ठिणगी अशी निळी, कडक पडली, की तुम्ही पुढच्या पानठेलेवाल्याला बोलावून दाखवली. "पाहा, हिच्यावर विडी पेटन." पुढच्या बाजाराला मी आले तर तुम्ही तोंड पाडून बसलेले. पॉईंट, म्हणजे कॉईलीचा करंट जोडणारे-तोडणारे तुकडे, जळून काळे. तुम्ही बॅटरीला दोष दिला, पॉईंटला दिला, बनवणाऱ्यालाही दिला. रूपा परद्याजवळ उभी होती. हळूच म्हणाली, "बाबांनी यावेळी मोजलं नव्हतं."

मी म्हटलं, झालं आता. तुम्ही मीटर घेतलं, नवी कॉईल मोजली. काटा एकाच्या आसपास. जुनी चारावर, ही एकावर. म्हणजे हिचा अडथळा कमी, हिच्यातून करंट जास्त ओढला जाणार आणि पॉईंट जळणारच. तुम्ही मला म्हणालात, "सांगा तिले, खरं हाय म्हणा."

"ती इथीच उभी हाय. मी काय तुमचा टेलिफोन हाय? तुमचं तुम्ही सांगा."

तुम्ही घसा साफ केला. "खरं हाय, रूपा," म्हणालात. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तिचं नाव तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तोवर तुमच्यासाठी ती "तुमची लेक" होती.

दुसऱ्या कॉईली तिनं मोजून पसंत केल्या, चाराच्या. आकारानं लहान, जुन्या जागी बसेनात, म्हणून पत्रा कापून पट्ट्या केल्या, टाकीखाली कसल्या. आणि वायरी जोडताना तुम्ही डावीची उजवीला लावली! मी सांगत होते, निळी तिकडं होती, मला आठवते. "तुमी बसा जी." किक मारली तर सायलेन्सरमधून असा बार निघाला, की पानठेलेवाला खालीच बसला आणि शेजारच्या बाईच्या कोंबड्या छपरावर. ती भांडायला आली तर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून मोकळे. "या बाईची गाडी हाय."

तो पावसाळा असा गेला. मी येताना कधी शेंगा, कधी अंबाडीची भाजी आणायचे. रूपा पिना धरायची, पॉईंटला कागद घासायची, प्लग साफ करायची. कधी कधी काही न बोलता नुसती बाजूला बसायची. एकदा प्लग घासता घासता म्हणाली, "आई, त्याचे केस खूप होते." बाळाचे. मी हात थांबवला नाही, तिनंही थांबवला नाही. तुम्ही उठून बाहेर गेलात आणि उगाच पानठेल्यावर उभे राहिलात.

आणि मग तो दिवस. पोळ्याच्या आधीचा बाजार. आमच्या गावातून एक ॲटो लवकर निघाला, म्हणून मी रोजच्यापेक्षा लवकर उतरले. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर गाडीचा आवाज. उभी राहिले. दोन्ही सिलिंडर, इवाई! डावं, उजवं, एका लयीत, तापलेल्या इंजिनाचा भरलेला आवाज. मला तो आवाज ओळखता येणार नाही होय? अर्धं आयुष्य पाठीमागं बसले मी त्याच्या.

कोणीतरी तुम्हाला सांगितलं असेल, इहीण आली म्हणून. आवाज बंद. मी दुकानात पाय ठेवला तर गाडी उभी, इंजिनावर हात धरवेना इतकी तापलेली, आणि तुमच्या हातात डाव्या कॉईलची वायर.

"डावं सिलिंडर धरत नाही, इहीनबाई," तुम्ही म्हणालात. तोंड असं, जसं तुमच्याइतका दुःखी माणूस तालुक्यात नाही. "अजून लय टाइम लागन."

मी वायरीकडे पाहिलं. तुमच्याकडे पाहिलं. रूपा कोपऱ्यात प्लगवर मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. एक क्षण मला वाटलं, रडते. मग तिनं पदर तोंडात कोंबला, तेव्हा समजलं. पोर हसत होती. तिला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे.

"असं कसं," मी म्हटलं. "मंग मले पुढच्या बाजाराले यावं लागन."

"यावं लागन जी. इलाज नाही."

ते डावं सिलिंडर त्यानंतर दिवाळीपर्यंत धरलं नाही. मी एकही बाजार चुकवला नाही. आपण तिघंही किती गंभीर तोंडं करून त्या चांगल्या गाडीभोवती बसायचो! जावई सुट्टीवर आले आणि म्हणाले, बाबा, मी पाहू का? तुम्ही म्हणालात, हात नको लावू, तुले समजत नाही ते.

मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही कधी सांगितलं नाही. मी बोलले असते तर तुम्ही लाजून दोन महिने तोंड दाखवलं नसतं, आणि मग माझं येणं बंद झालं असतं. म्हणून गप्प राहिले. मी गप्प राहिले, याचं घरच्यांना अजून नवल वाटेल. पण आता सांगते, आता तुम्ही कुठं पळता? तुम्हाला सुनेशी बोलता येत नव्हतं, म्हणून तुम्ही माझ्या घरातून तिची आई उचलून आणलीत. आणायला काही निमित्त पाहिजे, म्हणून गाडी. चालीरीतींना न दुखवता केलंत, आणि वर माझ्यावर उपकार नाही, कटकट म्हणून केलंत. मला चार माणसांत मान खाली घालून जावं लागलं नाही. इवाईच्या दुकानात गाडीच्या कामाला आली, असं तोऱ्यात सांगत मी जायचे.

दिवाळीत जावयांनी रूपाला मागं बसवून गाडी पार यवतमाळच्या रस्त्यानं नेली आणि परत आणली. मध्ये कुठं थांबली नाही. तुम्ही दारात उभे होता. म्हणालात, "आता तुमचं कायचं काम इथी?" मी म्हटलं, "लेकीचं घर हाय माझं. काम कायले पाह्यजे?" तुम्ही मान हलवली. तेवढंच बोलणं झालं त्याच्यावर.

तुम्ही गेल्याचं समजलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, तुमच्यासाठी रडू नंतर आलं. आधी पोरीची भीती आली. जीपमध्ये सगळ्या वाटेनं एकच डोक्यात, ही परत त्या मुकेपणाच्या विहिरीत उतरते. आता मीटर धर म्हणणारं कोण आहे तिला? आले तर ती तुमच्या उशाशी बसलेली, कोरडी. पाहुणे जमले, काय काय ठरवू लागले. दुकानाला कुलूप लावा, सामान भंगारात द्या, सून राजूरला जाऊ द्या नवऱ्याजवळ. जावई गोंधळलेले. तिला कोणी विचारलं, तर "तुम्ही म्हणाल तसं." तेच जुनं बोलणं. रात्री झोपताना मी तिचा हात धरून ठेवायचे. ती धरू द्यायची, पण धरायची नाही.

परवा दुपारची गोष्ट. तेरवीसाठी आम्ही बाया मागच्या खोलीत गहू निवडत होतो. पुढं कोणीतरी शटर वाजवू लागलं. एक शेतकरी, मोटर घेऊन. बाया म्हणाल्या, दुकान बंद आहे, घरात सुतक आहे, सांगून ये रूपा. ती उठून गेली. मी कान देऊन होते, कारण ती परत नुसतीच येईल आणि कोपऱ्यात बसेल, हे मला ठाऊक होतं.

"बाबा गेले," तिचा आवाज आला. "दुकान बंद हाय."

मग शटर वर जाण्याचा आवाज. मग बऱ्याच वेळानं तिचा आवाज, आणि हा आवाज मी वळखला नाही, इवाई. परद्याच्या इकडंपर्यंत खणखणीत.

"काकाजी, खरं सांगा. मोटर पाण्यात बुडलती ना?"

"नाही व बाई. कोरडीच होती. आपोआप जळली. आईशप्पत."

"कोरडी होती?"

"एकदम कोरडी."

"मंग हा बेंडूक काय मोटरीच्या लग्नाले आलता?"

खोलीतल्या बायांना काही समजलं नाही. पुढं तो माणूस खी खी करत सुटला, "बुडलती व बाई, बुडलती, बाबाले सांगू नको," असं म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच आठवून गप्प झाला. रूपा म्हणाली, "ठेवा तिथी. तार मले अजून भरता येत नाही, यवतमाळहून भरून आणीन. मोजून देईन."

मी सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. आवरेचना. शेजारची एक जण दुसरीला म्हणाली, "रडू द्या व त्याईले. इवाई म्हणजे भावासारखे होते."

रडत नव्हते जी मी.